लक्षणे नाहीत

पौषात उत्तरेचा वारा सुटला
की आमच्या उपकेंद्राची वही खोकायला लागते.
मी घराघरांतून फिरते, चौकटीवर खडूने तारीख टाकते,
आणि उंबरठ्यावर आधीच येऊन बसलेला असतो
तोच तो सवाल:
यालेच काऊन?

कोव्यांकडे मंगरू अन् झिंगरू, जुळे.
पाठमोरे असले की आईचीही गफलत होते.
एकच खाट, एकच वाकळ,
एकाच ताटात भाकर आणि अंबाडीची भाजी.
झिंगरूच्या फासळ्या लोहाराच्या भात्यासारख्या चालताहेत
आणि मंगरू अंगणात भोवरा फिरवतो आहे.
"साचा तं एकच होता ना मॅडम," आई म्हणते,
"मंग एकच मडकं काऊन तडकलं?"

मी चुलीकडे पाहते.
झिंगरूला पऱ्हाट्या मोडून आत सारायला आवडतं,
आईच्या कुशीला टेकून, धुराच्या वाटेतच.
नाकाच्या आत बारीक लव असते, धानाच्या रोपांसारखी,
आलेलं परतवून लावणारी;
तिची रोज थोडी राख झाली असेल.
आणि दिवाळीत मंगरूनं मामाच्या गावाहून
जो शेंबूड आणला होता, आठ दिवस वाहणारा,
जाता जाता त्यानं आत पहारा बसवला असेल.
असेल.
माझ्या कामातला हा सगळ्यात खरा शब्द,
आणि कुणाचंच त्यानं समाधान होत नाही.

दुरपताबाईचं तर मला कोडंच आहे.
बावीस वर्षं अंगणवाडीत खिचडी ढवळली,
गावातलं प्रत्येक नाक पदरानं पुसलं.
"कोनता ताप नवा हाय वं मले?
सारे मायाच हातचे मोठे झाले."
हसते, आणि तिच्या उरलेल्या तीन दातांमधून
वारासुद्धा निरोगी बाहेर येतो.

आणि प्रल्हाद, ज्यानं शंकरपटाच्या वर्षी
बिथरलेला बैल शिंगाला धरून थांबवला होता,
जिनिंगमध्ये चार हंगाम काढलेला प्रल्हाद
आडवा पडला तिसऱ्याच दिवशी.
त्याच्या छातीला कान लावला
तर आत कुणीतरी सरकी वेचत होतं.
बकऱ्या राखणारा काडीसारखा गोमा
त्याच्यासाठी विहिरीवरून पाणी आणत होता, शीळ घालत.
कुणाच्या अंगात काय लिहून आलं आहे,
हे अंग बघून वाचता येत नाही.

मग तालुक्याहून गाडी आली.
घशातून काड्या फिरल्या, नळ्या भरल्या,
एक काडी उरली म्हणून डॉक्टर म्हणाले,
"सिस्टर, तुम्ही पण."
मी हसत आ केला.

माझीच नळी बोलली.

ना खोकला, ना कणकण, ना साधी शिंक.
त्या दिवशी सकाळी मी दोन भाकरी खाल्ल्या होत्या
आणि सायकलवर नाल्याचा चढ न उतरता चढले होते.
वहीत स्वतःचं नाव लिहिलं, वय अडतीस,
लक्षणांच्या रकान्यात "नाहीत",
आणि पेन तसंच धरून मागची पानं उलटली.
कोव्यांचं घर, मंगळवार.
बाळंतविडा द्यायला गेले होते धाकटीचा,
झिंगरूच्या केसातून हात फिरवला होता,
जवळ घेऊन विचारलं होतं, शाळेत जातोस ना रे.
झिंगरूचा ताप, शुक्रवार.

असेल.
किंवा बाजारातून आला असेल, शाळेतून,
कुणाच्या तरी श्वासावर बसून,
ज्याला स्वतःलाही ठाऊक नसेल.

आठवड्यानं, मुदत संपल्यावर, गेले.
झिंगरू खाटेवर बसून पेज पीत होता,
अर्धा उरलेला, पण बसलेला.
आई दारापर्यंत आली, हात पुसत.
आजही तिनं यालेच काऊन असं विचारलं नाही.
म्हणाली, "तुमी तं रोज एवढ्यायच्या घरी जाता मॅडम.
तुमाले काई नाई ना झालं?"

खडू माझ्या हातात होता.
चौकटीवर मंगळवारची तारीख अजून पुसट दिसत होती,
माझ्याच अक्षरात.